लेखक सर चौथ्यांदा नकाशा बदला म्हणतायत, काय करू?

या वेळचं पत्र लांबलचक आहे, थोडं कापून देतेय.

"मावशी नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, वय २६. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जेकार्डचं, म्हणजे विणीत उमटणाऱ्या नक्षीचं डिझाईन करतो आणि रात्री घरी नकाशे काढतो, म्हणजे खरे नाही, मनातले, डोंगर किल्ले जंगल वगैरे. ते इन्स्टावर बघून पुण्याच्या एका लेखक सरांनी काम दिलं. मराठीत फँटसी कादंबरी आहे, तीन भाग येणार, पहिल्या भागात सुरुवातीला नकाशा. सहा हजार ठरले, तेही फोनवर. दोन हजार आधी आले. सहा महिन्यांत तीन वेळा अख्खा नकाशा इंक करून, म्हणजे शाईनं पक्का करून दिला, दर वेळी 'छान आहे, पण' असं येतं. आता म्हणतायत राजधानी नदीच्या पलीकडच्या काठाला घ्या, नदी फोडून एक फाटा शेजारच्या राज्यात न्या आणि एकूण जरा भव्य करा. त्यात प्रेसवाल्यांनी टेस्ट प्रिंट पाठवली तर नावं मुंगीएवढी आणि जोडाक्षरं तुटलेली. आई म्हणते, नसलेल्या गावांचे नकाशे काढून कुणाचं घर चाललंय? सोडून देऊ का? का भांडू? आणि पुढच्या वेळी पैसे किती सांगू? – जेकार्डवाला"

जेकार्डवाल्या, सोडू नको, भांडू पण नको, पण चौथ्यांदा पेन हातात घेऊ नको. पेन्सिल घे.

मला एक सांग, कारखान्यात पार्टीनं ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरची नक्षी, पास केल्याशिवाय तू कधी डिझाईन लूमला लावलंस का? पूर्वी तर कार्डं पंच व्हायची, एकदा हजारभर कार्डं पंच झाली आणि मग शेटजी म्हणाले मोराची मान डावीकडं वळवा, तर डिझायनरला रडूच यायचं. म्हणून आधी ग्राफ, ग्राफवर सही, मग पुढचं. हे तुला चांगलं माहितीय, रोज करतोस, आणि घरी आल्यावर मात्र सर फोनवर काय ते बोलले की तू रात्री दोनपर्यंत बसून एकेक झाड इंक करतोयस. सरांची चूक आहेच पण निम्मी तुझी आहे बघ. त्यांना इंक केलेलं चित्र दिसतं म्हणून ते चित्राबद्दल बोलतात, "छान आहे पण". पेन्सिलचा कच्चा कागद दिला असतास तर ते गोष्टीबद्दल बोलले असते. कादंबरीतल्या नकाशात आधी गोष्ट बसवायची असते, देखणेपणा त्याच्या मागनं येतो.

म्हणून पहिलं काम, सरांकडनं पूर्ण हस्तलिखित माग. सारांश नको, "मी सांगतो तसं काढा" तर अजिबात नको. नाहीच देत म्हणाले तर निदान प्रत्येक प्रकरणात कोण कुठनं कुठं जातं एवढं तरी. मग एक दोनशेपानी वही घे आणि वाचत जा, जिथं जिथं जागेचं नाव आलं तिथं पान नंबर, कोण निघालं, कुठं पोचलं, पायी का घोड्यावर, किती दिवस लागले, पावसाळा होता का उन्हाळा, सूर्य कुठल्या बाजूला मावळताना दिसला. कंटाळवाणं काम आहे, मला माहितीय. पण स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश लेखकानं हेच काम पुस्तक लिहून झाल्यावर केलं. त्यानं १८८१ साली आधी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशावरनं 'ट्रेझर आयलंड' सुचलं, आणि पुढं पुस्तक छापायला पाठवलं तर नकाशा पोचलाच नाही, हरवला. मग बिचाऱ्याला स्वतःचंच अख्खं पुस्तक चाळून, कुठं काय लिहिलंय त्याची यादी करून, कंपास घेऊन मोजून मोजून नवा नकाशा बसवायला लागला, आणि त्याला तो नवा कधीच आपला वाटला नाही. (स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवतोस ना? नसशील तर हे वाचायचं थांबव आणि आधी ते कर.)

वही भरली की तिचा एक तक्ता कर आणि अंतरं तपास. इथं आपण सोलापूरकर फायद्यात आहोत, कारण चालणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर, कोजागिरीला आपली माणसं चालत जातात, घरात एखादा काका असेलच की जाऊन आलेला, दुसऱ्या दिवशी त्याचे पाय कसे असतात विचार. म्हणजे ४५ हे एका दमात एकदाच. रोज उठून चालायचं, सामान घेऊन, तर वीस-पंचवीसच्या पुढं माणूस जात नाही, आणि मोठा जमाव असला तर त्याहून कमी, आळंदी ते पंढरपूर जेमतेम अडीचशे किलोमीटर पण पालखीला अठरा-वीस दिवस लागतात. आता सरांचा नायक पायी दहा दिवसांत राजधानीतनं समुद्रावर पोचत असेल तर मधलं अंतर दोनशे-अडीचशे किलोमीटर. आणि त्याच वाटेनं तिसऱ्या प्रकरणात फौज चार दिवसांत आली असं लिहिलं असेल तर फौज बसनं आली का, हे तू विचारायचं. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. लेखकांना हे आवडतं बरं का, उगाच घाबरू नको, छापून झाल्यावर वाचकानं विचारण्यापेक्षा आधी तू विचारलेलं त्यांना परवडतं.

आता नदी. नदी फोडून दोन राज्यांत न्यायची म्हणजे काय? नद्या एकमेकींना मिळत जातात, उताराकडं जाताना फुटत नाहीत, फुटल्या तर समुद्राजवळ गाळाच्या मुखाशी, नाहीतर मधे एखादं बेट आलं तर थोडा वेळ. आपली सीना बघ, नगरकडनं येते आणि कुडलला भीमेत मिळते, मग भीमा खाली कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते, आणि गंमत म्हणजे ही भीमा उगवते भीमाशंकरला, तिथनं पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे तरी बाई उलटी पूर्वेला निघते आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचते, का तर सह्याद्रीचा उतार तिकडं आहे म्हणून. नदीला जवळचा समुद्र कळत नाही, उतार कळतो. त्यामुळं सरांना सांग, शेजारच्या राज्याला पाणी पाहिजे असेल तर कालवा दाखवू, उजनीला डावा आहे उजवा आहे तसा, आणि कालवा म्हटलं की बघ गोष्टीला पण खाद्य मिळतं, कालवा कुणी खणला, दरवाजे कुणाच्या हातात, उन्हाळ्यात पाणी कोण अडवतं. टेलएंडच्या शेतकऱ्याचं पाण्याचं भांडण आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का!

तसंच जंगलाचं. पत्रासोबत तू जो फोटो पाठवलास त्यात डोंगररांगेच्या पूर्वेला घनदाट अरण्य आहे आणि पश्चिमेला वाळवंट. होऊ शकतं, पण मग वारा पूर्वेच्या समुद्रावरनं येतो असं पाहिजे. सरांनी मात्र पावसाचे ढग पश्चिमेकडनं आणलेत असं तूच लिहिलंयस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि आपल्याकडं साडेपाचशे-सहाशे, मधे काय आहे तर डोंगर. ढग तिकडंच रिकामे होऊन येतात. झाडं डावीकडं घे, उजवीकडं माळ, बाभळी आणि कोरडी गावं. जादूनं अरण्य उगवलं असेल तर चालतंय, पण मग ते पुस्तकात कुठंतरी लिहिलेलं पाहिजे.

राजधानी पलीकडच्या काठाला, यावर मात्र सरांचं म्हणणं आधी नीट ऐक. त्यांना काठ नको असणार, त्यांना एखादा प्रसंग पाहिजे असणार. विचार त्यांना. मला वाटतंय शत्रू पश्चिमेकडनं येतो आणि मधे नदी आडवी पाहिजे. असं असेल तर शहर हलवूच नको, कारण शहर हलवलं की सगळे रस्ते हलतात आणि तुझी अंतरं परत बोंबलतात. नदी वळव, तीपण थोडीशीच. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते ना, म्हणून चंद्रभागा म्हणतात, तशी एक कोर शहराच्या पश्चिमेला काढ. शहर आहे तिथंच, वरची नदी तीच, खालची तीच, फक्त मधल्या दोन इंचात ती शहराच्या डावीकडनं फिरून जाते. पश्चिमेचा रस्ता आता नदीला आडवा येईल, तिथं एक पूल किंवा नावेचा उतार दाखव. एक रबर, दहा मिनिटं. हेच इंक केलेल्या कागदावर करायचं म्हटलं तर परत तीन रात्री.

"भव्य करा" हे सगळ्यात वाईट वाक्य, ते "जरा उठावदार" आणि "काहीतरी वेगळं" यांचं सख्खं भावंड. याचा अर्थ निम्म्या वेळा असा असतो की सगळी नावं एकाच आकाराची आहेत, राज्य, शहर, ओढा, सगळं सारखं, त्यामुळं डोळा कुठं थांबतच नाही. तुझ्याकडं तेच झालंय. राज्याचं नाव मोठं कर, ओढ्याची नावं सरळ काढून टाक, भव्य दिसेल. मोकळी जागा बघून घाबरू नको, तिथं व्हेल आणि ड्रॅगन चिकटवायची हौस पण आवर, दुसरा-तिसरा भाग यायचाय, त्यातली गावं कुठं बसवणार? आणि कादंबरीच्या शेवटी सापडणारा गुप्त किल्ला पहिल्या पानावरच्या नकाशात दाखवू नको रे बाबा, हे मी प्रत्यक्ष छापलेलं बघितलंय.

आता नावं वाचता येत नाहीत त्याकडं येते, कारण खरा घोळ तिथं आहे आणि त्याचं सरांशी काही घेणंदेणं नाही. तू काढलंस ए-थ्री कागदावर, पुस्तक आहे डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच, मार्जिन सोडून रुंदीला सव्वाचार इंच उरतात. म्हणजे तुझा नकाशा छत्तीस टक्क्यांवर आला. दहा पॉइंटचं नाव साडेतीन पॉइंटचं झालं, मुंगीच होणार. आपल्या लिपीला वर मात्रा खाली उकार, इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, त्यामुळं छापलेल्या आकारात सात-आठ पॉइंटच्या खाली जाऊच नको. छापायच्या आकाराच्या दीडपट मोठं काढ फार तर, त्याच्या वर नाही. रेघ पण छापल्यावर पाव पॉइंटपेक्षा बारीक नको, मॅपलिथो कागद शाई पितो, दाट रेघा एकमेकींत मिसळून डोंगराचा डांबराचा गोळा होतो.

आणि परदेशी नकाशे बघून तू समुद्राचं नाव अक्षरं लांब लांब पसरून लिहिलंयस. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, मात्रा एकीकडं अक्षर दुसरीकडं, वाचणारा एकेक अक्षर गोळा करत बसतो. त्यापेक्षा शब्दांत अंतर टाक, "काळा" इथं आणि "सागर" तिकडं, किंवा नाव हातानं लिही आणि शिरोरेषाच लांब ओढ, लाटेसारखी, वळणावळणानं. हे इंग्रजीवाल्यांना जमणार नाही, त्यांच्याकडं शिरोरेषाच नाही! नदीचं नाव नदीच्या कडेनं वळवताना पण तेच, अगदी हलकं वळण दे, तीव्र वळणावर वेलांटी शेजारच्या अक्षरात घुसते.

जोडाक्षरं तुटली त्याची कारणं दोन असू शकतात. जुन्या फोटोशॉपमध्ये टाईप करत असशील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का बघ, नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडं जाते आणि हलन्त उघडे पडतात. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात मराठी नीट उमटतं. दुसरं, प्रेसच्या मशीनवर तुझा फॉन्टच नसणार, अजून कित्येक ठिकाणी श्रीलिपी या जुन्या फॉन्टवर काम चालतं, तुझा युनिकोड उघडला की वाट. म्हणून पाठवताना अक्षरांचे आऊटलाईन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून पीडीएफ पाठव, पण अक्षरं बदलता येतील अशी मूळ फाईल वेगळी जपून ठेव, कारण सर नावं बदलणार, हे मी तुला स्टॅम्पपेपरवर लिहून देते. फॉन्ट घेताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघ, हिंदी वळणाचा ल मला नकाशात खड्यासारखा लागतो. तिरो देवनागरी मराठी घे, फुकट आहे आणि छापायला परवानगी आहे. काळा रंग नुसता काळा ठेव, चार रंगांचा काळा केलास तर अक्षरांच्या कडा फाटतात. आणि रेघांचं चित्र सहाशे डीपीआयच्या खाली पाठवू नको.

दोन पानांवर आडवा नकाशा घ्यायचा विचार असेल तर मधली घळ विसरू नको. मी विसरले होते. माझं दुसरंच काम, राजधानी कागदाच्या बरोब्बर मधे, किती अभिमान मला, पुस्तक हातात आलं तर राजधानी बाइंडिंगमध्ये गेलेली, पुस्तक उलटं फाडल्याशिवाय दिसेना. प्रकाशकानं मला ओरडलं, मी बाइंडरला, आणि चूक माझीच. मधे दोन्हीकडं मिळून दीडएक सेंटिमीटर काही नाव ठेवायचं नाही, नुसतं रान नाहीतर पाणी.

आपल्या कुडलला, सीना-भीमेच्या संगमावर, शके ९४० चा म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, त्यात वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे. हजार वर्षं झाली, दगडावरचं अजून वाचता येतं. तुझं ऑफसेटवरचं वाचता येईना, जरा लाज वाटू दे. चेष्टा करतेय रे.

पैशाचं. समज एका नकाशाला तुझे चाळीस तास गेले, तीन झाले, एकशेवीस तास, सहा हजार भागिले एकशेवीस, पन्नास रुपये तास. आईचं चुकतंय कुठं मग? कारखान्याच्या पगाराचा तास काढ, समज सव्वाशे निघाला, त्याच्या दुप्पट धर कारण लाईट, टॅब, जागरण सगळं तुझं, म्हणजे अडीचशे, गुणिले चाळीस, दहा हजार. हा तुझा खालचा आकडा, याच्या खाली "नाही जमणार सर" म्हणायचं, आणि नोकरी तूर्त सोडायची नाही. पुढच्या कामाला चाळीस टक्के आधी, तीस पेन्सिल पास झाल्यावर, तीस मोठी फाईल पाठवायच्या आधी. पेन्सिलमध्ये दोन बदल फुकट, इंकनंतर प्रत्येक बदलाचे पैसे.

आणि लिहून घे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत नकाशा हा शब्द चक्क लिहिलेला आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या काही चित्रांच्या बाबतीत कायदा पैसे देणाऱ्याकडं झुकतो, म्हणून वादच नको, एका पानावर साध्या मराठीत लिही, हा नकाशा पहिल्या भागाच्या छापील आणि ई-बुक आवृत्तीसाठी, पोस्टर किंवा टी-शर्ट काढायचं झालं तर वेगळं बोलू, दुसऱ्या-तिसऱ्या भागाला वेगळे पैसे, मूळ कागद माझ्याकडं.

चालू कामासाठी सरांना हे पाठव, फोन करू नको, फोनवर तू हो म्हणतोस.

"सर नमस्कार. राजधानी आणि नदीचा बदल पेन्सिलमध्ये करून रविवारी पाठवतो. तुमचा होकार लेखी आला की शेवटचं इंकिंग करतो. ठरलेल्या सहा हजारांत हा शेवटचा बदल धरलाय, यानंतर गावांची नावं सोडून काही बदलायचं झालं तर प्रत्येक बदलाला दीड हजार. उरलेले चार हजार आले की प्रिंटची फाईल पाठवतो. सोबत प्रवासाचा तक्ता जोडलाय, त्यातली काही अंतरं मला जुळत नाहीयेत, तेवढं बघाल का."

ते चिडले तर चिडू दे, दोन दिवसांनी तक्ता उघडून बघतील, आणि तक्ता बघितल्यावर कुठलाच लेखक असा माणूस सोडत नाही.

फाईल पाठवायच्या आधी एक कर. पुस्तकाच्या खऱ्या आकारात साध्या कागदावर प्रिंट काढ, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं, दोन रुपये लागतील, त्याच्या मशीनचा टोनर कमी असेल तर उत्तमच. संध्याकाळी आईच्या हातात दे, काही सांगू नको, नुसतं विचार की यात काय काय दिसतंय. ती पहिल्यांदा कुठलं नाव वाचते ते मला कळव.